दुखण्याचा आकडा

आमच्या दवाखान्यात डॉक्टरांकडे जायचं तर आधी माझं टेबल लागतं. मी नर्स. माझा प्रश्न एकच: शून्य ते दहामध्ये दुखतंय किती? समोर सहा चेहऱ्यांचा तक्ता, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. माणसं भाजी घेतल्यासारखी घासाघीस करतात. "सात लिहा, पण गोळी आठाची द्या." एका गृहस्थांनी तर शेजारी बसलेल्या बायकोलाच विचारलं, "माझं किती दुखतंय गं?"

बावीस वर्षांत मी माझी पद्धत बसवलीय. जो विव्हळतो त्याचा आकडा कापायचा, जो गप्प बसतो त्याचे दोन वाढवायचे. डॉक्टर माझ्या आकड्यावर डोळे झाकून विसंबतात. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

दर मंगळवारी गुडघ्यासाठी एक काका यायचे. जन्मभर बाजारात धान्याची पोती तोललेली, म्हणून सगळे त्यांना मापाडीकाका म्हणत. बाकावर बसून ते दुसऱ्यांचेच आकडे सांगत. एकदा निवांत विणत बसलेल्या बाईंकडे बघून म्हणाले, "आठ." बाई म्हणाल्या, "छे हो, दोन." तासाभरात त्यांचं अपेंडिक्स फुटलं.

"आणि माझं किती?" मी चेष्टेनं विचारलं.

"दीड. डावी टाच."

नवी चप्पल चावत होती. मी पाय टेबलाखाली ओढून घेतला.

"गाढ झोपलेल्याचंही पाव-अर्धा असतंच," काका म्हणाले. "जिवंत माणसाचा काटा शून्यावर येत नाही."

एका मंगळवारी माझी थोरली बहीण आली. आमची ताई म्हणजे सुई दिसताच बोंब ठोकणारी. लहानपणी मी चिमटा काढायला नुसतं बोट पुढं केलं, तरी "आई गं" ऐकून अख्खी गल्ली जमायची. आल्या आल्या म्हणाली, "जबडा दुखतोय, हात दुखतोय. दहा लिही."

मी तीन लिहिले.

"सिस्टर," बाकावरून काका म्हणाले, "तो तीन खोडा. दहाच आहे."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी खोडला. डॉक्टरांनी ताईच्या छातीला वायरी लावल्या आणि तिला धावतच वरच्या मजल्यावर नेलं. हृदयाची नळी तुंबली होती. ती उघडताना हृदय चार मिनिटं बंद पडलं, मग पुन्हा सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, "नशीब थोर." मी जिन्यात बसून ढसाढसा रडले. माझ्याच पेनानं ताई गेली असती.

महिन्यानं ती तपासणीला आली. गालांवर तेज, तोंड अखंड सुरू. शेजारणीच्या सुनेपासून ते दवाखान्यातल्या बेचव डाळीपर्यंत सगळ्यांचा उद्धार चालला होता.

"किती?" मी विचारलं.

"शून्य गं. अगदी शून्य."

आनंदानं मी शून्य लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ताईचा आकडा खाडाखोड न करता जसाच्या तसा.

बाकावरचे काका उठले. पिशवी उचलली.

"काका, आता तुमचाच नंबर आहे."

"गुडघा बरा आहे," ते म्हणाले आणि लंगडत निघाले.

"अहो, ताईचा आकडा तरी सांगून जा."

ते दारात थांबले, पण वळले नाहीत. "तुम्ही लिहिलाय तो बरोबर आहे."

मला त्यांचं काट्याचं आणि शून्याचं बोलणं आठवलं. म्हातारा चळलाय, मी मनाशी म्हटलं.

ताई शेजारणीच्या सुनेवर परत आली होती. तिचा हात टेबलावर होता.

मी तिच्या दंडाला चिमटा काढला. लहानपणी काढायचे तसा, नखं रुतवून.

ताई बोलत राहिली.

मी आणखी पिळला. सुनेनं भांडी कशी आपटली, ते ती सांगत होती.

मग तिची नजर माझ्या चेहऱ्यावर गेली, तिथून माझ्या बोटांवर आली.

"आई गं," ती म्हणाली.