मोहिनीच्या तीन आठ्या

मोहिनीच्या कपाळावर तीन ठसठशीत आठ्या होत्या. कारंजाच्या तिच्या कापडदुकानात कुणी पन्नासावी साडी उलगडायला लावली, की त्या आणखी खोल व्हायच्या. तिच्या आईला, हिंगणीच्या देवकाबाईंना, मात्र त्यांचं भारी कौतुक. काचबिंदूने डोळे गेल्यापासून त्या लेकीला अंगठ्यानेच ओळखायच्या. कपाळ चाचपायच्या, आठ्या लागल्या की मगच कुंकू लावायच्या.

मोहिनीच्या मुलीचं, काजलचं, लग्न ठरलं आणि फोटोंच्या धास्तीने तिने कपाळात इंजेक्शनं घेतली. नागपूरच्या डॉक्टरणीने आडपडदा ठेवला नाही. "कपाळ गुळगुळीत होईल. क्वचित पापणी लोंबते, काही आठवड्यांत सावरते. आणि हे कायमचं नाही हं. तीन-चार महिन्यांत आठ्या परत येतील."

पापणी शाबूत राहिली. पंधरा दिवसांत कपाळ सारवलेल्या ओट्यासारखं झालं. बाईसाहेब आरशापुढून हलेनात.

पहिली पत्रिका आईला द्यायला ती हिंगणीला गेली. टळटळीत दुपार होती, तरी आईच्या खोलीत गारवा होता. आई खाटेवर बसल्या होत्या.

"आई, मी आली."

अंगठा कपाळावरून फिरला. पुन्हा फिरला. मग आईने हात झटकन मागे घेतला.

"कोन होय व तू?"

"मी मोहिनी... असं काऊन करून राह्यली, आई?"

"मले फसवू नको, बाई. मोहिनी त सकाळीच आली. हे काय... इथंच बसून हाय."

शेजारी कुणी नव्हतं. वाकळेला मात्र खळगा पडला होता, माणूस बसावं तसा.

दारातून वहिनी प्रमिलाबाई पुटपुटल्या, "सकाळपासून बोलून राह्यल्या, ताई. मले वाटलं, वय झालं..."

आईने अंगठा कुंकवात बुडवला, त्या रिकाम्या जागी टेकवला. परत आला तेव्हा अंगठ्यावर कुंकू उरलं नव्हतं. मोहिनीला रडू फुटलं. कपाळ तेवढं हललं नाही. आपल्या आईला आपण परक्या झालो, एवढंच तिला कळत होतं.

"ते म्हनते," आई त्या खळग्याकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, "मी आता परत नाई जात."

लग्न पार पडलं. फोटो सुरेख आले. आज सहा महिने झाले, आठ्या परत आलेल्या नाहीत.

आणि काल काजल माहेरपणाला आली, वाटेत हिंगणीला आजीला भेटून. दारातच थबकली.

"आई, तू त आत्ता आजीजवळ बसून होती... माह्या पहिले घरी कशी पोचली?"

एवढं बोलून ती मोहिनीच्या कपाळाकडे बघत राहिली. पाया पडायला काही वाकली नाही.