दोन्ही बाजूंची घडी

मामांच्या गोष्टींचा एक नियम आहे. चांगलं घडलं असेल तर ते मामांना घडलेलं असतं, आणि वाईट घडलं असेल तर त्यांच्या ओळखीच्या एकाला. हा ओळखीचा एक फार कमनशिबी माणूस आहे. त्याला नाव नाही, गाव नाही, आणि त्याची उंची बरोबर मामांएवढी आहे.

परवा लाइट गेली म्हणून आम्ही गच्चीवर येऊन बसलो. मामा, माझी धाकटी बहीण आणि मी. मामी आठ दिवसांपासून लेकीकडे. खालच्या दाराला आतून कडी. साडेदहा वाजून गेले असतील. मी म्हटलं, मामा, ते गावाबाहेरचं मोठं हॉटेल का सोडलंत ते तरी सांगा एकदा.

"मी कंटाळून सोडलं," मामा म्हणाले. "पण तिथे माझ्या ओळखीचा एक होता..."

आलाच.

"त्या रात्री तो जादा पांघरूण घेऊन नऊ नंबरच्या खोलीकडे निघाला होता. डिसेंबरचा दुसरा गुरुवार. अकराला दहा कमी. नऊ नंबर म्हणजे बागेच्या पार टोकाला, तळ्याकाठी. पाहुणे पहाटे यायचे होते. खरं तर तो तेव्हा सुपरवायझर झालेला. पांघरूण नेणं त्याचं काम नव्हे."

"मग का नेत होता?" धाकटीने विचारलं.

"चोर पकडायला."

मग मामांनी आधीचं सांगितलं. त्या हॉटेलात शहरातली बडी माणसं यायची ती झोपायला, कारण आपापल्या बंगल्यांत त्यांना झोप येत नसे. संध्याकाळी पाहुणे जेवायला गेले की रूमवाला खोलीत शिरायचा. पडदे ओढायचे, पाण्याचा पेला भरायचा, पलंगाखाली सपाता मांडायच्या आणि दुलईचा कोपरा त्रिकोणी घडी घालून उघडा ठेवायचा. पाहुणा ज्या बाजूला झोपतो, त्याच बाजूचा. एकटा असेल तर एक कोपरा, जोडपं असेल तर दोन्ही. कुणाला विचारायचं नाही. विचारलं तर मजा काय राहिली?

"दोघं रूमवाले होते. माझा ओळखीचा, त्याला सगळे कडक म्हणायचे. चादर अशी ताणायचा की नगारा वाजवून घ्या. दुसरा मांजऱ्या. त्याच्या पावलांचा आवाजच यायचा नाही. मागे येऊन उभा राहिला तरी कळायचं नाही. आता त्याला घडी शिकवली कुणी? कडकने. हात धरून शिकवली. पण पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या कार्डावर कोण? मांजऱ्या. 'त्या मऊ पावलांच्या मुलाला सांगा, इतकी झोप वर्षात लागली नव्हती.' बारा खोल्या, बारा कार्डं, आणि सगळीकडे तोच! त्यात काय एवढं विशेष होतं, मला कळत नाही. सकाळी उशीचा खळगा बघायचा. माणूस कुठे झोपतो, कुठल्या कुशीवर झोपतो, सगळं त्यावरून ओळखायचा. बस्स, एवढंच."

"आणि कडकला कार्ड नाही आलं कधी?"

"आलं होतं एक. 'चादर इतकी घट्ट होती की पाय आत जाईनात.'"

धाकटी फिसकन हसली. मामा हसले नाहीत. वीस वर्षं झाली, अजून तो मजकूर पाठ आहे.

"त्याच वर्षी सप्टेंबरात सुपरवायझर नेमायचा होता. दोघांतला एक. कोण, ते सगळ्यांना माहीत होतं." मामांनी घसा खाकरला. "तेवढ्यात नऊ नंबरला एक आजी आल्या. दरवर्षी नवऱ्याबरोबर यायच्या. त्या वर्षी एकट्या, आजोबा वारलेले. मांजऱ्याने त्यांची बाजू उघडली आणि आजोबांची बाजू गुळगुळीत ठेवली, हात न लावता. बरोबरच केलं त्याने. पण मग... कुणीतरी मागून आत गेलं. दुसराही कोपरा उघडला. दोन पेले ठेवले. दोन जोड सपाता."

"कुणीतरी म्हणजे कडक," मी म्हटलं.

"तुला मध्येच तोंड घालायची सवय आहे. कॉलेजही असंच मध्येच सोडलंस."

"मी सोडलं ते मीच सोडलं, मामा. माझ्या ओळखीच्या एकाने नाही. पुढे सांगा."

अंधारात त्यांचं तोंड दिसत नव्हतं ते बरंच.

"आजींची किंकाळी जेवणघरापर्यंत आली. मालकाने चौकशी केलीच नाही, मांजऱ्याला त्याच रात्री काढला. त्याने कडककडे फक्त बघितलं. पिशवी घेतली, सायकल काढली. हमरस्त्याच्या वळणावर ट्रकने..." मामांनी हात हवेत सोडून दिला.

मोठ्या माणसांची ही एक युक्ती असते. जिथे स्वतःचा हात असतो, तिथे ते वाक्य ट्रकवर संपवतात.

"कडक सुपरवायझर झाला. दोन महिने बरे गेले. मग एक कार्ड आलं. 'मध्यरात्री हळूच येऊन खिडकी लावून गेलेल्या मऊ पावलांच्या मुलाचे आभार.' आठानंतर कुणी खोलीत जायचं नाही, असा नियम होता. मग दुसरं कार्ड. मग तिसरं. कडकने एकेका पोराला झापलं. सगळे म्हणाले, आम्ही नाही. त्याच्या डोक्यात शिरलं, यांच्यातलाच कुणीतरी आपली जागा घ्यायला टपलाय."

"अहो, पण तो तर मेला होता ना?" धाकटी म्हणाली. "मेलेल्या माणसावरही जळायचं?"

"त्याला मेलेला माणूस दिसतच नव्हता गं. त्याला कार्डं दिसत होती."

हे वाक्य मात्र खरं होतं. मामांच्या तोंडून इतकं खरं मी कधी ऐकलं नव्हतं.

"तर तो गेला नऊ नंबरला. पलंगावर चादर घातली, चांगली ताणून. दाराला आतून कडी. दिवा मालवला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला.

"अकरा वीस. काही नाही.

"अकरा चाळीस. काही नाही. तळ्यावर एक बेडूकसुद्धा नाही.

"मग... टप."

"काय होतं?"

"सपात. फरशीवर ठेवलेली. मग दुसरी... टप. मग थांबलं जरा. मग आणखी दोन."

मामांचा आवाज खाली गेला होता. आम्ही नकळत पुढे सरकलो.

"पाऊल नाही. श्वास नाही. नुसतं ठेवल्याचं ऐकू येत होतं. पाणी ओतलं. एक पेला... दुसरा पेला. कडकने हाक मारली. मांजऱ्या? ... काही नाही. दुलई सरकली. ती ऐकू येते. सुरकुती काढताना तळहात फिरवतात ना, तसं... 

"त्याने दिवा लावला. खोलीत कुणी नाही. कडी तशीच. दुलईचे दोन्ही कोपरे उघडे. आणि पलीकडच्या उशीला... हळूहळू... खळगा पडत होता."

धाकटीने माझा दंड घट्ट धरला.

"मग?"

"मग काय. पळाला. सकाळी नोकरी सोडली." मामांनी मांडीवरून तळहात फिरवला. "पण एक सांगतो. तेवढ्या भीतीतही त्याची नजर घडीवर गेली. काय सरळ होती! धार लावल्यासारखी. माझ्यापेक्षा..."

...

"त्याच्यापेक्षा," मामा म्हणाले. "कडकपेक्षा."

आमच्यापैकी कुणी हसलं नाही.

मामा उठायला लागले, पुन्हा बसले. "जा रे, माझं अंथरूण घालून ये. सकाळपासून दुलई पायथ्याशी गोळा होऊन पडलीय. तुझी मामी नसली की घराची पार रया जाते."

मोबाइलचा उजेड धरून मी जिना उतरलो. आधी दाराची कडी बघितली. होती. मग मामांच्या खोलीत गेलो. मामी गेल्यापासून ते भिंतीकडच्या बाजूला एकटेच झोपतात.

दुलई गोळा झालेली नव्हती. ती पसरलेली होती. एक सुरकुती नाही. भिंतीकडचा कोपरा त्रिकोणी उघडा होता.

मामीच्या बाजूचासुद्धा.

मी कशाला हात लावला नाही. वर आलो.

"झालं एवढ्यात?" मामांनी विचारलं.

"झालेलंच होतं."

मामा समोरच्या अंधारात बघत राहिले. मान न वळवता म्हणाले, "एक बाजू?"

"दोन्ही."

खालच्या गल्लीतून एक सायकल गेली. मामांनी ती पार लांब जाईपर्यंत ऐकली. मग अगदी हळू विचारलं,

"घडी... कशी आहे?"

खोटं बोलता आलं असतं. आमच्या घरात सगळ्यांना येतं.

"सरळ आहे, मामा," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा."