पठारावरचा चहा

अळनावरच्या पुढे, रान दाट होत जातं तिथे, डोंगरावर शिरगेकोप नावाचं छोटं गाव आहे. गावामागच्या डोंगरमाथ्यावर पठार आणि पठारावर झरा. त्या झऱ्याच्या पाण्याचा चहा अप्पांच्या किटलीत करायचा, एवढ्यासाठी यंदा मी मुलांना घेऊन निघाले होते.

अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. मे महिन्यात दुकान बंद ठेवून ते उणकल, जुनी हुबळी इथल्या मुलांना शिरगेकोपला शिबिराला आणायचे. मी तेव्हा निपाणीला आजोळी असायची. मी परतले की ते दरवर्षी तेच सांगायचे, "पठारावर चहा केला बघ. त्या पाण्याची चवच वेगळी!" दुकानभर नवी भांडी, आणि शिबिराला मात्र सैल झाकणाची काळपटलेली किटली.

फेब्रुवारीत अप्पा गेले. यंदा शिबिर नसेल ना, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, आहे.

गावाची रीत अशी, की शिबिरातलं एकेक मूल एकेका घरी जेवायचं. त्यामुळे लवकरच ओंकार म्हशींना नावानं हाक मारू लागला आणि शीतल सोनाबाईंच्या चुलीपुढून हलेना.

"हुबळीत भाकरीला कोपरे असत्यात काय गं?" तिच्या हातची भाकरी उचलून सोनाबाई विचारायच्या.

"तुम्हीच खा ती, आज्जी!"

पठाराच्या दिवशी गावातले नागोजीमामा पहाटेच पुढे गेले. गेल्या पावसात वाटा बदलल्या होत्या. "म्या वाट दाखवून ठेवतो, तुम्ही बर्री, सावकाश या," म्हणाले. मी अप्पांसारखी सगळ्यांच्या मागे. मुलांना निघताना अप्पांचा नियम सांगितला: वाटेत आडवं काही पडलं असेल तर उचलून बाजूला टाकायचं, मागच्याच्या पायात येऊ नये.

चढ सुरू झाला. पाचोळ्याचा चुरचुर आवाज, सागाच्या वाळक्या पानांवरून सटकणारे पाय, पानांआडून मधूनच दिसणारी पठाराची पिवळी कड. पाणी संपत आलं. वाट दुभंगली तिथे मुलं उजवीकडे वळली होती. मीही वळले. वाट अरुंद झाली, मग एका कड्याच्या काठाने जाऊ लागली.

कुणाच्या तरी पायाखालचा दगड सुटला. खाली गेला. आपटला.

कड्याच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज आला. आग्या मोहोळ!

"पळा!" कुणीतरी ओरडलं. पण एका बाजूला दरी होती, पळणार कुठे?

"पळू नका! पालथं पडा! तोंड झाका!" वरच्या झाडीतून नागोजीमामांचा आवाज. आम्ही आडवे झालो. डोक्यावरून काळा लोंढा गेला. शीतल किंचाळली! मामा घसरत खाली आले, अंगावरची कांबळी तिच्यावर टाकली आणि स्वतः वर पसरले.

बऱ्याच वेळानं आवाज विरला. शीतलचा एक डोळा सुजून मिटला होता. मामा नखानं एकेक काटा खरवडत म्हणाले, "ह्या वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकली होती की! फांदी आडवी म्हंजे वाट बंद."

ओंकार रडवेला झाला. "ती मीच उचलली. कुणाच्या पायात येऊ नये म्हणून."

"तुझ्या अप्पाचा नियम गावातल्या वाटेचा, सविताक्का," मामा माझ्याकडे बघून म्हणाले. "रानातला न्हवं." मग ओंकारच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! रान झाडून ठेवलंस!"

पठाराची कड इतकी जवळ होती, की तिथलं वाळलं गवत हलताना दिसत होतं. पाठीवरच्या पिशवीत किटली टोचत होती. पुन्हा इथवर येणं होईल का, कुणास ठाऊक.

"मी चालू शकते, अक्का," शीतल म्हणाली. तिचे ओठही सुजले होते.

"खाली जायचं," मी म्हटलं.

गावातल्या दवाखान्यात नर्सबाईंनी इंजेक्शन दिलं, शीतलला तासभर नजरेसमोर बसवून ठेवलं आणि मग हसून सोडलं. सोनाबाईंच्या अंगणात तोवर निम्मं गाव जमलं होतं. जो तो आपल्या घरच्या पाहुण्याचे काटे शोधत होता.

"अप्पांसाठी जायचं होतं," मी सोनाबाईंना म्हटलं. "ते दरवर्षी जायचे."

"पठारावर?" सोनाबाई बघतच राहिल्या. "गेले की, पहिल्या साली. पुढं कुणाच्या पायाला फोड, कुणाला ताप, कुणाला आईची आठवण. दरसाली अर्ध्यातनं माघारी, अन् चहा इथंच."

माझ्या पिशवीतून त्यांनी न विचारता किटली काढली, चुलीवर चढवली. चहा उकळल्यावर पदरानं धरून उचलली आणि ओतताना झाकणावर अलगद अंगठा ठेवला. घरी अप्पा ठेवायचे, अगदी तसाच.

पठारावरच्या चहाची चव मला अजून माहीत नाही. अप्पा दरवर्षी ज्याची चव सांगायचे, तो चहा मात्र मी प्याले. दोन कप.