कोनती रोहिनी?

प्रेम हृदयात उमलतं, असं आजवरच्या यच्चयावत कवींनी एकमुखानं सांगून ठेवलं आहे आणि त्यांच्या विद्वत्तेपुढे आम्ही नतमस्तक आहोत. आशुतोष खांबेटेचं मात्र डाव्या पोटरीत सुरू झालं.

जुईनगरच्या मराठी शाळेत तो सातवीला विज्ञान शिकवायचा. आठ वर्षं फळ्यासमोर उभं राहून त्या पोटरीवरच्या शिरा फुगल्या होत्या, त्यांच्या निळ्या गाठी झाल्या होत्या. त्याची त्याला इतकी लाज, की तो घरी झोपतानासुद्धा फुल पँट घालायचा. शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत ठणका सोसेना, तेव्हा तो एकदाचा इस्पितळात गेला आणि बाकावर पाय जमेल तेवढा लपवून बसला.

"मास्तर ना तुमी?" शेजारून आवाज आला. "बाहीला खडू लागलाय."

त्यानं पाहिलं... आणि पाहतच राहिला.

ती बोनकोड्याची भाविका. कोपरखैरण्यात एसटीडीचं बूथ चालवायची. पलीकडे तिचे वडील कमळाकर आणि आई काशीबाई. बिड्या ओढून ओढून कमळाकरांच्या पायाची नस बंद पडत आली होती, अंगठा काळा पडू लागला होता. आठ दिवसांत नस आतून फुग्यानं उघडायची, नाहीतर पाऊल कापायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. फक्त सही हवी होती.

"हा फॉर्म बाबांना मराठीत सांगता? माझं इंग्रजी 'होल्ड ऑन'च्या पुढे जात नाय."

तो साधं 'नस' म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं. पण मुलगी ऐकत होती. त्यानं घसा साफ केला आणि पाठ्यपुस्तकातलं अस्सल मराठी बाहेर काढलं —

"जांघेतून रोहिणीत प्रवेश करून, तेथे फुगा फुगवून मार्ग मोकळा करण्यात येईल. त्यास माझी पूर्ण संमती आहे."

काशीबाईंनी मांडीवरचा डबा बाजूला ठेवला.

"रोहिनी?" काशीबाई म्हणाल्या. "कोनती रोहिनी?"

कमळाकरांनी 'मला काय ठाऊक' एवढंच म्हणायला हवं होतं. ते म्हणाले, "अगो, तिला तर कवाच उरनला दिली!"

काशीबाईंनी डबा उचलला आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे, फॉर्म तसाच टाकून, लंगडत लंगडत कमळाकर.

"काय वाचलंत तुमी?" भाविकाचे डोळे भरून आले होते.

"रोहिणी म्हणजे... हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी—"

"मग नस बोलायचं ना!"

"नस हा शब्द तितकासा शास्त्रीय..."

तिनं खाली पडलेला फॉर्म उचलला. जमिनीनं दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं, असं आशुतोषला फार वाटलं. पण इथली जमीन खाडीत भराव घालून केलेली, नको तेव्हाच खचते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो रक्ताभिसरणाचा तक्ता काखोटीला मारून बोनकोड्यात पोचला. काशीबाई अंगणात मासळी साफ करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कमळाकर ओट्याच्या टोकाला, शिक्षा झाल्यासारखे बसलेले.

"काकी, ही कुणी बाई नाही हो," त्यानं तक्ता उलगडला. "ही सगळ्यांच्याच अंगात असते. लाल ती रोहिणी, निळी ती नीला."

काशीबाईंचा हात थांबला. "म्हंजे दोगीजनी व्हत्या?"

कमळाकरांनी डोक्याला हात लावला.

आता एकच उपाय उरला होता आणि तो पँटीच्या आत होता. आशुतोषनं डोळे मिटले. भाविकासमोर, शेजारच्या तीन बायकांसमोर आणि एका कुत्र्यासमोर त्यानं डाव्या पायाची पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"ही नीला," तो पुटपुटला. "माझी बिघडलीय. काकांची रोहिणी बिघडलीय. शब्द तेवढे माझे वाईट... पण त्यांना घेऊन या, काकी. नाहीतर पाय त्यांचा जाईल आणि घालवलेला मी असेन."

काशीबाईंनी हात धुऊन पदराला पुसला आणि त्या गाठींवर अलगद बोट ठेवलं.

"दुखतंय का रं पोरा?"

"...हो."

त्या नवऱ्याकडे वळल्या. "उद्या जायाचं. उरनचं मंग बगू."

भाविका त्याला रिक्षापर्यंत सोडायला आली.

"इतकी वर्षं लपवत होतात?"

"हो."

"कोणापासून?"

"सगळ्यांपासून." त्याचे कान तापले. "कालपासून... मुख्यत्वे तुमच्यापासून."

"मुख्यत्वे," ती म्हणाली आणि ओढणी तोंडाशी धरून हसली.

फुगा फुगला, नस उघडली. संध्याकाळपर्यंत कमळाकरांचा थंडगार पाय ऊबदार झाला. रक्त वाहू नये म्हणून जांघेवर वाळूची पिशवी ठेवलेली. सहा तास पाय जराही हलवायचा नाही, असा हुकूम होता. काशीबाई खाली चहाला गेल्या. कमळाकर डोळे मिटून पडले होते. खाटेच्या एका बाजूला भाविका, दुसऱ्या बाजूला आशुतोष.

"तुमच्या पायाची इंजेक्शनं कधी?" तिनं हळूच विचारलं.

"सोमवारी. मग घट्ट मोजा, महिनाभर."

"मी येऊ?"

"नको... लाज वाटते."

"मग येतेच."

त्यानं चादरीची सुरकुती सरळ केली. पुन्हा केली. "भाविका, तुमच्याविषयी माझ्या मनात एक प्रकारचा अनुराग—"

"मास्तर, साधं बोला. आत्ताच एक संसार वाचलाय."

"...आवडता तुम्ही मला."

खाटेवरून तिचा हात पुढे आला आणि त्याच्या खडूच्या बोटांवर टेकला. दोघंही खाली बघत होते, दोघांचेही कान लाल.

"ऐकतंय मी सगलं," कमळाकर डोळे न उघडता म्हणाले.

हात झटकन मागे गेले.

"काशीशी बोलीन मी. ती 'नाय' बोलनार नाय." मग खूप ओशाळून, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "पन मास्तर... पोरीला जरा भायेर पाठवा. आन खाटेखालचं ते भांडं द्या मना."