आत्याच्या खुर्चीचे पाय

"अहो... ही भंगारात?"

भंगारवाल्यासाठी खुर्ची खाली आणणाऱ्या नूपुरनं मान वर केली. गिरगावातल्या चाळीच्या जिन्यात, खांद्यावर वेताची गुंडाळी घेऊन एक माणूस थांबला होता. शेजारच्या लवूकाकांची आरामखुर्ची विणायला आलेला हितेंद्र. न विचारताच त्यानं खुर्ची उलटी केली, फाटक्या वेताच्या बैठकीखाली चौकटीवर डागलेला आकडा अंगठ्यानं पुसला आणि हसला. ते हसणं तिला उगाचच आवडलं.

"अस्सल सागवान. फोर्टातल्या एका ऑफिससाठी खास काढलेलं डिझाइन आहे हे. जुन्या कॅटलॉगात चित्र आहे माझ्याकडे. कोणाची?"

"आनंदीआत्याची. तिथे टायपिस्ट होती. ऑफिस बंद झालं तेव्हा मागून आणली. दर दसऱ्याला हिला झेंडूचा हार घालायची. दोन वर्षांपूर्वी जाताना मला देऊन गेली."

"आणि पाय? चार-चार बोटं कापलेत. कोण हा कसाई?"

नूपुरचे कान तापले. "आत्यानंच," ती म्हणाली.

गेलेल्या बाईवर ढकललं! सहा महिन्यांपूर्वी नूपुरची चार वर्षांची मुलगी बकुळा या खुर्चीवरून पडली, हनुवटीला तीन टाके पडले. घटस्फोटानंतर 'एकटीला मूल झेपेल का' हे ऐकून आधीच धास्तावलेल्या नूपुरनं दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला होता. खुर्ची बुटकी झाली, वर डुगडुगायलाही लागली, म्हणून आज भंगारात निघाली होती.

खुर्ची दुरुस्तीला हितेंद्रच्या लालबागच्या कारखान्यात गेली. मागोमाग दर शनिवारी नूपुरही. कधी पॉलिशचा रंग बघायला, कधी छत्री विसरली म्हणून.

"आज काय कारण?"

"कारण लागतं?"

"नाही... पण तुमची छान असतात."

ती हसायची. मग ते चार थोटे पाय दिसायचे, आणि नजर खाली जायची.

दसऱ्याच्या आदल्या शनिवारी तिनं पिशवीतून लाकडाचे चार तुकडे काढून त्याच्यापुढे ठेवले. एकावर खडूनं डोळे आणि तोंड काढलेलं.

"बकुळाच्या बाहुल्या आहेत... आत्यानं नाही, मी कापले पाय. खोटं बोलले. लाज वाटते हो तुमच्याकडे बघायची."

त्यानं एक तुकडा पायाला लावून पाहिला. रेघेला रेघ मिळाली.

"ठाऊक होतं. काप ताजा होता."

"मग बोलला का नाहीत?"

आता त्याचे कान लाल झाले. "मी कुठे खरा? वेत दुसऱ्याच आठवड्यात विणून झाला होता. दोनदा उसवला... तुम्ही येत राहावं म्हणून."

नूपुर बघतच राहिली — पहिल्यांदाच, नजर न चोरता.

"तुकडे परत जोडले तर सांधे दिसतील हं," तो पुटपुटला.

"दिसू देत."

दसऱ्याला खुर्ची गिरगावात परतली. एका पायावरचे खडूचे डोळे त्यानं तसेच ठेवले होते. बकुळानं हार घातला आणि त्यालाच बसायचा हुकूम सोडला.

"पडशील हं, काका!"

"पडलो तर आई आहे ना धरायला?"

नूपुरचा हात खुर्चीच्या पाठीवर होता. त्याचा खांदा बोटांना टेकला... तिनं हात काढला नाही.