पट्टीवरचा तपकिरी डाग

नापारीचा पाय मंगळवारी कापला. शुक्रवारी तामाले शहरातल्या प्रयोगशाळेतून कागद आला: हाडात बुरशी. त्याच दुपारी पोलिसांनी म्हाताऱ्या हाडवैद्याला, वुम्बेईला उचललं. तक्रारीखाली सहीच्या जागी नापारीचा अंगठा होता.

जिल्ह्याची आरोग्य अधिकारी अबीबा चौकीत आली, ती नापारीच्या पायावरची पट्टी पिशवीत घेऊन. पट्टीवर एक तपकिरी डाग होता, एका टोकाला निमुळता. रक्ताचा वाटत नव्हता.

"आजोबा, तुम्ही बांधलेला हा तिसरा पाय या पावसाळ्यात सडला. बांबूच्या काड्या कुठल्या?"

"नेहमीच्याच बेटातल्या. कोंबडीलाही त्याच बांधल्या."

वुम्बेई दर रुग्णामागे एका कोंबडीचा पाय मोडून बांधायचा. ती चालू लागली, की माणसाच्या काड्या सोडायच्या.

"कोंबडी कशी आहे?"

"मजेत हिंडतेय. तिलाच आण साक्षीला!"

हवालदार हसला. अबीबाला हसू आलं नाही.

"तिघांचं हाड बाहेर आलं होतं?"

"हो. असल्यांना मी आधी दवाखान्यात धाडतो. टाके, पट्टी करून येतात."

"ती पट्टी तुम्ही सोडलीत?"

म्हातारा दुखावला. "दुसऱ्याच्या हातची गाठ मी सोडत नाही, पोरी. बापाची शिकवण आहे. वरूनच बांधलं."

अबीबा तडक दवाखान्याच्या भांडारात गेली. छताला ओल होती. पट्ट्या वाफवून निर्जंतुक करायच्या यंत्रावर कोळिष्टकं होती. कोपऱ्यात कोळशाची इस्त्री.

"त्या भोंदूला सोडू नका, मॅडम," भांडारप्रमुख फुसैनी म्हणाला.

"ही इस्त्री कशाला?"

"गणवेशाला."

तिने पट्टी इस्त्रीखाली धरली. डाग टोकाला टोक जुळला.

"बांबू कातडीला लागलाच नाही, फुसैनी. लागली ती तुमची पट्टी. गठ्ठे भिजले, बुरसले. यंत्र बंद. तुम्ही ते वाळवले, इस्त्री मारून वाटले."

"तीनदा वर लिहिलं. कुणी नवीन पाठवलं नाही!"

"आणि नापारीची तक्रार कुणी लिहून दिली?"

फुसैनीने खिशाला लावलेलं पेन मुठीत झाकलं.

शनिवारी वुम्बेई सुटला. अबीबाने त्याला सगळं सांगितलं, गाठीचंही. "एकदा जरी सोडली असतीत, आजोबा, तर आतली बुरशी दिसली असती."

कोंबडी काखेत घेऊन तो नापारीच्या खाटेपाशी गेला आणि तिला खाली ठेवलं. ती दोन्ही पायांवर तुरुतुरु चालली.

"तुझीच आहे," म्हातारा म्हणाला. "बरं झाल्यावर कापून खायची असते."

नापारी तिच्या पायांकडे बघत राहिला.

"कापणं पुरे झालं, आजोबा. हिला घेऊन जा."