हिरवा टब

ही गोष्ट ऐकीव नाही. अर्धी माझ्या शेजारच्या मेरेआनाने मला माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगितली आणि उरलेली त्याच स्वयंपाकघरात घडली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

ऑकलंडच्या माउंट ईडन भागात, डोंगराच्या पायथ्याशी आमची घरं शेजारी शेजारी आहेत. डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी. वर बाग आहे, लोक कुत्री घेऊन फिरायला जातात. माथ्यावर एक खोल, गोल, हिरवागार खळगा आहे. मेरेआना माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ लोकांपैकी. तिचे लोक त्या खळग्याला मताआहो देवाचा वाडगा म्हणतात. देवाचं जेवायचं भांडं. त्यात कुणी उतरत नाही.

मेरेआनाकडे दोन टब होते. हिरवा ताटवाट्यांचा. पांढरा अंगाचा नि कपड्यांचा. एकाचं काम दुसऱ्यात कधीच नाही. तिच्या आईला सगळी गल्ली नॅन, म्हणजे आजी, म्हणायची, आणि नॅन याबाबतीत महाकडक. मी एकदा बोलता बोलता त्यांच्या टेबलाला टेकले, तर म्हणाली, "ऊठ गं बाई. आम्ही जेवतो तिथे."

गेल्या जूनमध्ये नॅनने अंथरूण धरलं. एका संध्याकाळी ते अंथरूण पार खराब झालं. पांढऱ्या टबात आधीच्या चादरी भिजत होत्या. घरभर दुर्गंधी, म्हातारी लाजेने रडतेय, आणि मेरेआना सकाळपासून उभी. तिने हिरवा टब ओढला. त्यात कोमट पाणी घेऊन आईला पुसून काढलं.

नॅनने टब पाहिला.

तिने तोंड मिटून घेतलं.

त्यानंतर तिने अन्नाचा कण घेतला नाही. चौथ्या दिवशी गेली.

मेरेआनाने टब ब्लीच घालून तीनदा घासला आणि परत सिंकखाली ठेवला. फेकला असता तर हुइया मावशीने, म्हणजे नॅनच्या धाकट्या बहिणीने विचारलं असतं, टब कुठे गेला? काय सांगणार होती? त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असं तिला वाटलं.

उत्तरेला गावी नेऊन नॅनला मूठमाती दिली. सगळे परत आले. पहिल्याच जेवणाला सात वर्षांच्या हानाने, मेरेआनाच्या मुलीने, ताट लोटलं.

"आई, वास येतोय."

"कसला?"

"नॅनच्या खोलीचा."

मेरेआनाने ताट नाकाशी धरलं. काहीच नाही. डुकराच्या हाडांचा रस्सा, रताळी, तळलेला पाव. हानाच्या आवडीचं सगळं. पण पोरीने घास तोंडात घेतला आणि तिथेच ओकली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

तीन आठवड्यांत शाळेचा स्कर्ट कमरेवर राहीना, पिन लावावी लागली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. हुइया मावशी म्हणाली, "तुझ्या हातचं खाऊन मलाही उलटी येते, पण मी बोलते का?" कुणी हसलं नाही.

मग एका शनिवारी, भर दुपारी, घरात मेरेआना एकटीच असताना...

स्वयंपाकघरातून पाणी ढवळल्याचा आवाज आला.

चुबुक... चुबुक...

ती धावत गेली. कुणी नव्हतं. हिरवा टब सिंकमध्ये होता. तिने तो बाहेर काढलेला नव्हता. त्यात पाणी होतं, कोमट. पाण्यावर पिवळट साय. सायीत अडकलेला एक लांब पांढरा केस.

आणि आता तिलाही वास आला. तोच. त्या संध्याकाळचा. तिच्या अंगावर शिसारी आली. स्वतःच्या आईची किळस आली, आणि किळस आली म्हणून स्वतःचीच किळस आली. हे तिने मला सांगितलं तेव्हा मान वर केली नाही.

तिने पाणी ओतलं, टब पिशवीत कोंबला आणि डोंगर चढू लागली. का? तिलाही सांगता येत नाही. घराच्या कचऱ्यात टाकवत नव्हता, एवढंच.

माथ्यावर चार माणसं फोटो काढत होती. ऊन होतं. ती कठड्यापाशी गेली. खालचा खळगा निवांत हिरवा. इथे टाकला तर कोण बघतंय, असं तिच्या मनात आलं आणि पिशवीचा हात वर गेला.

तेवढ्यात...

खळग्याच्या तळातून आवाज आला.

चुबुक... चुबुक...

खाली गवतात कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. वाकून काहीतरी धूत होतं. खांद्यावर नॅनची तपकिरी शाल.

फोटो काढणारे हसत होते. त्यांना काही दिसत नव्हतं.

मेरेआनाचा हात तसाच राहिला. एकदा जेवायच्या भांड्यात घाण केली होती. आता दुसऱ्यांदा करायला निघाली होती, आणि तेही देवाच्या... तिला कठड्यापाशीच ओकारी आली.

ती टब घेऊन तशीच खाली आली आणि थेट मावशीकडे गेली. सगळं सांगितलं.

हुइया मावशी म्हणाली, "पोर तीन आठवडे उपाशी, आणि तू स्वतःची लाज सांभाळत बसलीस?"

"मावशी, मी..."

"आईला पुसलंस, ते बरोबर केलंस. लपवलंस कशाला?"

मावशीने कुऱ्हाडीने टबाचे तुकडे केले. मेरेआनाच्या अंगणाच्या टोकाला, भाजीच्या वाफ्यांपासून लांब पुरले. प्रार्थना म्हणत घरभर पाणी शिंपडलं. त्या संध्याकाळी हानाने तीन पाव खाल्ले. मेरेआना दाराआड जाऊन रडली.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण आता मेरेआनाला जेवण जाईना. स्वतःच्या घरातल्या प्रत्येक ताटाला वास. हानाला येत नाही, मावशीला येत नाही, फक्त तिलाच. गेल्या मंगळवारी दुपारी ती माझ्याकडे आली. गाल बसलेले. मी पुढ्यात वरणभात ठेवला. ती जेवली, अगदी चाटूनपुसून. जेवता जेवता हे सगळं सांगितलं. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. दोन मिनिटं, जास्त नाही.

परत आले तर टेबलावर ताट नव्हतं...

ते ओट्यावर होतं. धुतलेलं, पालथं घातलेलं. शेजारी फडक्याची तीन पदरी घडी. नॅन घालायची तशी.

सिंकमध्ये कोमट पाणी होतं. त्यावर पिवळट साय.

मी नाक दाबून पाणी सोडून दिलं. हात चार वेळा धुतले. अजूनही त्या हाताने भात कालवत नाही, चमचा घेते.

ते ताट वापरवत नाही. फेकावं, तर घरातले विचारतील, सेटमधलं सहावं ताट कुठे गेलं? म्हणून पिशवीत गुंडाळून सिंकखाली, अगदी मागे ठेवलंय.

मेरेआनाला मी अजून काही सांगितलेलं नाही.